लाटेवरची नर्सबाई

रस्ता संपला तिथे टुकटुकवाल्याने आपली रिक्षा उभी केली, इंजिन बंद केलं आणि पुढे बोट दाखवलं. पुढे वाळू होती, वाळूत काटेरी झुडपं होती आणि झुडपांपलीकडे झावळ्यांनी शाकारलेल्या पाच-सहा झोपड्या. महेंद्रने बॅगा उतरवून घेतल्या. बांबूच्या एका मांडवाखाली माणसाहून उंच रंगीत फळ्या ओळीने उभ्या होत्या. दोन झाडांना बांधलेल्या झोळीत एक गोरा तरुण उघड्या अंगाने झोपला होता आणि त्याच्या पोटावर एक मांजर झोपलं होतं.

"यशोधरा, आपण चुकीच्या जागी आलोय," महेंद्र म्हणाला.

यशोधरा तोवर चपला हातात घेऊन पार पाण्यापाशी पोचली होती. साडीचा घोळ एका हाताने धरून ती उभी होती, आणि लाटेचं पाणी तिच्या घोट्यांवरून येत होतं, जात होतं. तिने मागे वळून पाहिलंही नाही.

चूक झाली होती ती त्यांच्या मुलीची, दिशाची. दिशा पुण्यात नोकरीला. आई-वडील उपासक मंडळींबरोबर अनुराधापूरला निघाले तेव्हा तिनेच हट्ट धरला होता, की एवढे लांब जाताय तर लगेच परत फिरू नका, आठवडाभर समुद्राकाठी राहा. मोबाईलवर शोधून तिने जागा ठरवली. शांत परिसर, घरगुती जेवण, दारातून समुद्र. 'सर्फ कॅम्प' हे शब्द तिने वाचले होते, पण ते हॉटेलचं नाव असेल असं तिला वाटलं होतं.

महेंद्र नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होता. सबंध आयुष्य एका कारखान्यात काढलेला, शिस्तीचा, वेळेवर डबा उघडणारा माणूस. यशोधरा पारनेर तालुक्यात आरोग्य सेविका होती. वाड्या-वस्त्यांवर तिला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. सगळीकडे ती 'नर्सबाई'. डोंगराच्या कडेच्या वस्त्यांवर आधी पायी, मग सायकलवर आणि शेवटी स्कुटीवर फिरून तिने बाळंतपणं केली, पोरांना डोस पाजले, सासवांशी भांडून सुनांना दवाखान्यात नेलं. पारनेरच्या बाजारात आजही एखादा मिशा फुटलेला गडी तिला वाकून नमस्कार करायचा आणि ती विचारायची, "तू कुनाचा रे?" तो आईचं नाव सांगायचा. मग तिला सगळं आठवायचं, पाऊस किती होता, घरात दिवा होता की नव्हता, हेसुद्धा.

आता दोघेही निवृत्त होते, तिला निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं. ज्येष्ठ पौर्णिमेला लंकेत जायचं हे दोघांचं जुनं स्वप्न. भिक्खू महेंद्र थेर धम्म घेऊन ज्या टेकडीवर उतरले ती मिहिंतलेची टेकडी त्यांच्याच नावाचा हा महेंद्र हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत चढला, आणि वर पोचल्यावर त्याने हात जोडले. बोधिवृक्षाखाली यशोधराने डोळे मिटले तेव्हा तिच्या गालांवरून पाणी आलं. तिथून मंडळी कोलंबोच्या बसमध्ये बसली आणि हे दोघे उलट्या दिशेने, पूर्वेच्या किनाऱ्याला निघाले. अंपारापर्यंत बस, पुढे पोत्तुविलपर्यंत दुसरी बस, आणि त्यापुढे हे टुकटुक.

झोपडीतून पन्नाशीची एक बाई हात पुसत बाहेर आली. तिचं नाव कुसुमा, कॅम्पवर स्वयंपाक तीच करायची. तिने खुणेने नावं विचारली. यशोधरा म्हटल्यावर तिचे हात आपोआप जुळले. महेंद्र म्हटल्यावर ती "महिंदा, महिंदा" असं दोनदा म्हणाली आणि आत जाऊन शहाळी घेऊन आली. एवढ्यात कॅम्पचा मालकही आला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, केस मिठाने ताठ झालेले.

"माझं नाव सुनील," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

"घ्या," यशोधरा महेंद्रला म्हणाली. "आपल्या गल्लीत तीन हायेत."

सुनीलने सांगितलं, की इथे लोक लाटांवर उभं राहायला शिकतात. सकाळी पाण्यात, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. दुसरं इथे काही नाही. महेंद्रने विचारलं, जवळपास दुसरं हॉटेल मिळेल का. सुनीलने सूर्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "आता नाही. अंधार पडायच्या आधी या रस्त्यावर हत्ती उतरतात. उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी महेंद्र बॅगा भरूनच बाहेर आला. यशोधरा मांडवाखाली सुनीलशेजारी उभी राहून एका फळीवरून हात फिरवत होती, नव्या सुनेने आणलेल्या पैठणीवरून फिरवावा तसा.

"अहो, जरा या इकडं," ती म्हणाली. "हे म्हनत्यात मलापन शिकवतील."

महेंद्रला वाटलं ती गंमत करतेय. मग तिचा चेहरा पाहिला. असा चेहरा त्याने आधी एकदाच पाहिला होता. स्कुटी शिकायची म्हणून ती अडून बसली होती तेव्हा.

"अगं, साठीला आलीस तू."

"म्हनून तर. पुन्हा कधी शिकू?"

सुनीलने तिला एकच प्रश्न विचारला, पोहता येतं का. महेंद्र नाही म्हणणार होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने तिला कधी पोहताना पाहिलं नव्हतं. नागापुरात पाणी टँकरने यायचं, पोहायचं कशात? पण यशोधराने होकाराची मान हलवली आणि मराठी, इंग्रजी आणि हातवारे असं सगळं मिसळून सुनीलला सांगू लागली. महेंद्रही पहिल्यांदाच एवढं सविस्तर ऐकत होता.

तिचे वडील खडी फोडायचे. गावाबाहेर दगडाची खाण होती आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी साठायचं. गावातल्या मोठ्या विहिरीवर पाटलांची पोरं उड्या मारायची. तिथे यांच्या वस्तीतल्या पोरांना कोणी उतरू देत नसे, आणि पोरींचा तर प्रश्नच नव्हता. वडिलांनी घासलेटचा रिकामा डबा तिच्या पाठीला बांधला आणि तिला खाणीत सोडलं. वर उभं राहून ते म्हणायचे, पाय मार, पाय मार. एक दिवस त्यांनी तिला न सांगता डबा सोडला आणि ती पलीकडच्या काठाला पोचल्यावरच तिला कळलं. लग्न होईपर्यंत दर पावसाळ्यात ती त्या खाणीत पोहली. नंतर खाण बुजली, वडील गेले, आणि पाणी म्हणजे बादली आणि हंडा एवढंच उरलं.

सुनीलला यातलं किती समजलं कोण जाणे. पण त्याने सगळ्यांत रुंद फळी मांडवातून काढली आणि वाळूवर ठेवली.

साडीत काही जमणार नव्हतं. कॅम्पवर आलेल्या एका जर्मन मुलीने तिला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तंग पायजमा दिला. झोपडीतून त्या कपड्यांत बाहेर यायला यशोधराला बराच वेळ लागला. आली तेव्हा तिने ओढणी खांद्यावरून घेतली होती. पाण्यापर्यंत ओढणी होती. पाण्यापाशी तिने ती काढली, घडी केली आणि महेंद्रच्या हातात दिली.

पहिला दिवस वाळूवरच गेला. फळीवर पालथं पडायचं, हातांनी पाणी मारल्यासारखं करायचं, मग छातीपाशी तळवे टेकून एकदम उठायचं, पाय आडवे, गुडघे वाकलेले. सुनील "अप" म्हणायचा आणि यशोधरा आधी एक गुडघा, मग दुसरा गुडघा, मग "आई गं" असं करत उभी राहायची. शेजारी विशी-पंचविशीतली पोरं एका झटक्यात उभी राहत होती. कोणी हसलं नाही. महेंद्र नारळाखाली बसून पाहत होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, उद्या अंग दुखायला लागलं की आपोआप सोडून देईल.

अंग दुखलं. तिला सकाळी खाटेवरून उठताना खांद्याला आणि बरगड्यांना हात लावून पाहावं लागलं. तरी ती गेली. सुनील कमरेभर पाण्यात उभा राहून तिची फळी धरायचा, मागे वळून लाट पाहायचा आणि फुटून आलेल्या फेसात फळी ढकलून द्यायचा. यशोधरा फळीवर आडवी, डोळे गच्च मिटलेले, थेट वाळूपर्यंत यायची. तेवढ्यानेही ती खूश व्हायची. उठून, नाकातलं पाणी शिंकरून, फळी काखेत मारून पुन्हा चालू लागायची. सुनीलने तिला खुणेने सांगितलं, अम्मा, डोळे उघडे ठेव. ती म्हणाली, "येस, येस," आणि पुढच्या वेळी पुन्हा मिटले.

दुपारी ती कुसुमाच्या चुलीपाशी जाऊन बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण नारळ खोवताना आणि कढीपत्ता ओरबाडताना भाषेची तशी गरज पडत नव्हती. कुसुमाकडे नाचणीचं पीठ होतं, तिकडे त्याला कुरक्कन म्हणतात. यशोधराने हातावर थापून भाकऱ्या केल्या आणि जेवणाच्या लांबलचक टेबलावर परदेशी पोरांनी त्या मसूरडाळीच्या कालवणाबरोबर खाल्ल्या. महेंद्रने त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं आणि बॅगांचा विषय काढला नाही.

आणि मग ती सकाळ आली.

रात्रीतून समुद्राचा रंग पालटला होता. लाटा आदल्या दिवसापेक्षा उंच होत्या, पण सुनील म्हणाला, आत जायचं नाही, काठाशीच राहायचं. यशोधराने एक लाट घेतली, वाळूपर्यंत आली, परत फिरली. ती फळी ओढत पाण्यात चालत असतानाच मागून एक लाट तिच्या अंदाजाआधी फुटली. महेंद्रने पाहिलं ते एवढंच, की फळी हवेत उभी राहिली आणि यशोधरा दिसेनाशी झाली.

काही क्षणांचाच खेळ. फळीची दोरी पायाला बांधलेली होती, सुनील दोन ढांगांत तिच्यापाशी पोचला, पाणी छातीच्या वर नव्हतं. पण महेंद्र पँट-बुटांसकट गुडघाभर पाण्यात धावला होता. सुनीलने तिला काखेत धरून बाहेर आणलं. ती वाळूवर गुडघ्यांवर बसली. खोकला थांबला, पाणी पडलं, तरी तिचा श्वास काही बसेना. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले, दोन्ही हातांच्या मुठी वाळूत.

तो चेहरा महेंद्रला ओळखीचा होता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत यशोधरा लसीकरणाच्या ड्युटीवर होती. एक दिवस घरी आली ती तापाने फणफणूनच. नगरच्या एका दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. महेंद्रला आत सोडत नव्हते. तो जिन्यापाशी बसून राहायचा, आणि वॉर्डच्या दाराला जी काच होती तिच्यातून दिवसातून एकदा, नर्सला विनंती करून, तिला पाहायचा. मास्कमागे ती अशीच दिसायची. तोंड उघडं, डोळे मोठे. तिच्या शेजारच्या खाटा रिकाम्या होत गेल्या आणि पुन्हा भरत गेल्या. ती घरी आली तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्यांवर दोनदा बसली होती. त्यानंतर कित्येक महिने ती झोपेत दचकून उठायची आणि खिडकी उघडायची. निवृत्तीपर्यंतची नोकरी तिने केली, वस्त्यांवर पुन्हा फिरली, पण डोक्यावरून पांघरूण मात्र तिने त्यानंतर कधी घेतलं नाही, ऐन थंडीतही नाही.

कुसुमाने तिला झोपडीत नेऊन गरम पाण्याने अंग पुसलं. महेंद्रने ओल्या पँटीतच दिशाला फोन लावला आणि सांगितलं, की आम्ही उद्या निघतोय, परतीचं बघ. दिशा घाबरली, मग म्हणाली, "पप्पा, आईला विचारलंत का? तिला फोन द्या."

यशोधराने फोन घेतला. "मी बरी हाय," ती म्हणाली. "तू ऑफिसला जा." आणि फोन परत दिला.

दुपारी दोघे झोपडीच्या ओट्यावर बसले होते. समोर ऊन नुसतं भाजत होतं. महेंद्रने त्याच्या पद्धतीने शांतपणे सुरुवात केली आणि शेवटी त्याचा आवाज चढला. हौस झाली, पाहून झालं, अंगावर ओढवून घ्यायचं हे वय नाही, तुझी फुफ्फुसं कशी आहेत हे मला माहीत आहे, तुला काही झालं तर मी या लोकांच्या देशात कुणाला हाका मारू.

यशोधराने त्याला सगळं बोलू दिलं.

"संपलं का?" मग ती म्हणाली. "आता माझं आयका. तवा दवाखान्यात मला वाटायचं, श्वास माझा न्हाईच. ती नळी देतीया, कधी बंद व्हईल ठावं न्हाई. आज पान्याखाली तसंच झालं बघा. लई भ्याले मी. पन वर आले ना? कुनी नळी लावली न्हाई. मीच आले वर."

"सुनील आला म्हणून."

"त्यानं मला उभं केलं. श्वास मीच घेतला."

तिने त्याच्या ओल्या बुटांकडे पाहिलं.

"तुमी पान्यात आलात," ती म्हणाली. "तुमाला तर पोहता बी येत न्हाई."

संध्याकाळी सुनील आला, ओट्याच्या पायरीवर बसला. तो मूळचा मासेमार. सुनामी आली तेव्हा तो विशीत होता. त्याची होडी गेली, थोरला भाऊ गेला. "मी दोन वर्षं पाण्यात पाय ठेवला नाही," तो म्हणाला. "मासेमाराचं पोर. घरातले माझ्याकडे बघायचे नाहीत, लाज वाटायची त्यांना."

"मग परत कसे गेलात?" महेंद्रने विचारलं.

"गेलो नाही. आधी नुसता ओल्या वाळूवर बसायचो. मग पाय. मग कमरेपर्यंत. सहा महिने लागले." त्याने यशोधराकडे पाहिलं. "अम्मा, उद्या फळी नको. उद्या फक्त पाणी."

दुसऱ्या दिवशी फळी मांडवातच राहिली. लाटा उतरल्या होत्या. यशोधरा सुनीलबरोबर छातीभर पाण्यात गेली आणि उभी राहिली. बराच वेळ नुसती उभी. मग तिने नाक धरलं, डोकं पाण्याखाली घातलं आणि लगेच वर आली. महेंद्र काठावर होता. त्याचा श्वास तिच्याबरोबर अडकत होता, तिच्याबरोबर सुटत होता. तिने पुन्हा डोकं घातलं. पुन्हा. कधी घाबरून, हात झाडत वर यायची, मग सुनीलच्या खांद्याला धरून थांबायची. कधीतरी तिने नाक धरणं सोडलं. आणखी काही वेळाने ती खाली गेली आणि महेंद्रला वाटलं त्यापेक्षा बराच वेळ खाली राहिली, आणि वर आली ती सावकाश, डोळे उघडे ठेवून, केसांतून पाणी निथळत.

ती बाहेर आली तेव्हा महेंद्रने पुढे होऊन तिच्या अंगावर पंचा टाकला. "जमलं," एवढंच ती म्हणाली. त्या रात्री ती डोक्यावरून चादर घेऊन झोपली. महेंद्रने ते पाहिलं.

फळी पुन्हा निघाली. आता तिचे डोळे उघडे असायचे. गुडघ्यांवर यायची, एक पाय पुढे टाकायची आणि पडायची. पुन्हा यायची, पडायची. झोळीत झोपणारा तो गोरा तरुणही आता सकाळी तिचं पाहायला काठावर येऊन बसू लागला. जर्मन मुलगी पाण्यातून ओरडून सांगायची, खाली बघू नका, समोर बघा. यशोधरा तिला हात दाखवायची आणि खालीच बघायची.

निघायच्या आदल्या सकाळी आभाळ थोडं झाकोळलेलं होतं. महेंद्र मोबाईल घेऊन तयार होता, कारण दिशाने बजावून सांगितलं होतं, की मला व्हिडिओ पाहिजे. सुनीलने मागे वळून लाट पाहिली. फार मोठी नव्हती. त्याने फळी ढकलली नाही, नुसता म्हणाला, "पॅडल, अम्मा." यशोधराने हात मारले. लाटेने फळी उचलली. तिने तळवे टेकले, एक पाय आला, दुसरा आला, आणि कांद्याची रोपं लावणारी बाई वाफ्यात वाकते तशी ती वाकून उभी राहिली. पडली नाही. मग हळूच कंबर सरळ केली. हात दोन्ही बाजूंना, मान वर, नजर थेट महेंद्रवर. पाणी तिच्या पायांखालून धावत होतं आणि ती त्यावर उभी राहून काठाकडे येत होती, स्वतःच्या पायांवर, कुणी न धरता. फळी वाळूला लागली तेव्हा ती फळीवरून खाली उतरली, एसटीतून उतरावं तशी, आणि इकडेतिकडे पाहिलं, की कुणी पाहिलं का.

सगळ्यांनी पाहिलं होतं. कुसुमा डाव हातात घेऊन चुलीपासून पळत आली होती. पाण्यातली पोरं फळ्यांवर थापा मारत होती. सुनील कमरेभर पाण्यात दोन्ही हात वर करून उभा होता. महेंद्रच्या हातातला मोबाईल छातीशी धरलेला होता आणि त्याने बटण दाबलंच नव्हतं.

"आलं का त्यात?" यशोधराने धापा टाकत विचारलं.

"नाही," महेंद्र म्हणाला. "बघतच राहिलो."

ती हसली. "जाऊ द्या. तुमी बघितलं ना."

तिने आणखी लाटा घेतल्या. कधी उभी राहिली, कधी नाही. पण व्हिडिओ काही मिळाला नाही. मिळाला तो फक्त फळी काखेत धरून उभी असलेली, केस विस्कटलेली, नाकाची साल निघालेली यशोधरा असा एक फोटो. तो जर्मन मुलीने काढला.

संध्याकाळी पाणी अगदी शांत झालं होतं. यशोधरा महेंद्रजवळ आली आणि तिने हात पुढे केला. "चला. कमरेपर्यंतच."

त्या एका सकाळी धावला तेवढं सोडलं तर आयुष्यात कधी पाण्यात न उतरलेला महेंद्र पँट वर दुमडून निघाला. गुडघ्यापर्यंत आल्यावर तो थांबला. पायाखालची वाळू सरकत होती आणि जमीनच निघून चालल्यासारखं त्याला वाटलं. यशोधराने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्या पकडीत घाई नव्हती. वाड्यांवर कळा देणाऱ्या पोरींची मनगटं तिने अशीच धरली असणार. हे त्याच्या मनात पहिल्यांदा आलं. इतकी वर्षं ती कामाहून दमून घरी यायची, तो चहा ठेवायचा, आणि ती दिवसभर नेमकं काय करून आली हे त्याला खरं तर कधी कळलंच नव्हतं.

"लाट आली की उडी मारायची न्हाई," ती म्हणाली. "नुसतं सैल सोडायचं. ती जाती मग."

लाट आली, कमरेवरून गेली, महेंद्र हलला, पण उभा राहिला. दुसरी आली. अंधार पडायला लागेपर्यंत दोघे तिथेच होते, आणि शेवटी कुसुमाने हाका मारून त्यांना जेवायला बोलावलं.

नागापूरला परतल्यावर ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. महेंद्रच्या धाकट्या भावजयीने फोटो पाहून सरळ विचारलं, "व्हिडिओ कुठंय?" महेंद्र म्हणाला, "मी पाहिलं की." भावजय हसली. महेंद्रला एरवी राग येत नसे. त्या दिवशी आला.

यशोधराला मात्र कुणाला पटवून द्यायची गरज वाटली नाही. तिने नगरमध्ये बायकांसाठी सकाळची वेळ असलेला पोहण्याचा तलाव शोधला आणि नाव घातलं. जाताना शेजारच्या सुमनबाईला घेऊन गेली. सुमनबाईला दमा. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं, आणि घरातल्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. पहिल्या दिवशी सुमनबाई पायऱ्यांचा कठडा सोडायला तयार नव्हती. यशोधरा तिच्यापाशी पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, आज नुसतं तोंड धुवायचं. दुसरं काही न्हाई. पावसाळा संपेपर्यंत सुमनबाई तलावाची रुंदी पार करू लागली. मग सुमनबाईची जाऊ आली, मग यशोधराबरोबर पारनेरला नोकरी केलेल्या दोन निवृत्त नर्स. बसने, रिक्षाने, कुणाच्या मुलाच्या गाडीवर मागे बसून त्या येत, आणि पाण्यात उतरल्या की त्यांच्या गप्पांनी सगळा तलाव भरून जाई. महेंद्र रोज यशोधराला सोडायला जायचा. पुरुषांना आत परवानगी नव्हती. तो बाहेरच्या टपरीवर चहा घेत पेपर वाचायचा, आणि टपरीवाल्याने विचारलं तर सांगायचा, की आमच्या मिसेस शिकवतात आत.

पुढच्या वर्षी ज्येष्ठ महिना जवळ आला तेव्हा त्या दोन निवृत्त नर्सांनी अनुराधापूरचं ठरवलं, आणि त्यानंतर समुद्राकाठचंही. घरोघरी थोडी भांडणं झाली, थोड्या समजुती झाल्या. महेंद्रच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्याला जाता येणार नव्हतं. यशोधराही मग नको म्हणू लागली. त्याने तिची बॅग स्वतः भरायला घेतली. पूर्ण बाह्यांचा सदरा, तंग पायजमा, डोक्याला लावायचं तेल, नाकाला लावायचं मलम. ओढणी ठेवायला घेतली, तर ती म्हणाली, "ती नको. राहू द्या."

आठवड्याने तिकडून सुनीलचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे लाटांचा गोंगाट होता. अम्मा आज आतल्या लाटेवर गेली, तो सांगत होता. फुटलेल्या नाही, न फुटलेल्या लाटेवर. सोबतच्या दोघी वाळूवर शिकतायत आणि तीच त्यांना "अप, अप" म्हणतेय. महेंद्र वॉकर धरून खिडकीशी उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो हळूहळू दारापर्यंत गेला. सुमनबाई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती.

"काय म्हनत्यात आमच्या बाई?" तिने विचारलं.

महेंद्र पायरीवर टेकला आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लागला.